सावरीचा आठवा ओंडका

चिचटोल्याच्या देवळापुढे त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं पारावर, ट्रॅक्टरवर, शाळेच्या कुंपणावर चढून बसली होती. करवतबाबा आले होते, आणि त्यांची मशीन चेटकीण ओळखते असं अख्ख्या कुरखेडा तालुक्यात बोललं जात होतं. बाकीचे बाबा लिंबू कापतात, हे बाबा लाकूड कापत. गळ्यात रुद्राक्ष, खांद्यावर पेट्रोलची चेन सॉ आणि पुढ्यात हळद-तेलाने भरलेलं पितळी पातेलं, एवढा त्यांचा संसार.

गावात महिन्याभरात चार वासरं मेली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी बाकीच्यांना लस टोचून घ्या म्हणून सांगितलं, पण लस टोचून घेण्यात काही बघण्यासारखं नसतं. म्हणून धनराज या बागायतदाराने स्वखर्चाने बाबांना आणलं. संशय गावातल्या आठ विधवांवर होता. नवरा असलेल्या बाईवर संशय घ्यायचा तर नवऱ्याशी भांडावं लागतं, ही अडचण कोणी बोलून दाखवली नाही.

एकाच सावरीच्या झाडाचे आठ ओंडके मांडले होते. एकेका बाईने ओंडक्यावर हात ठेवायचा, मग बाबा तो कापणार. कापला गेला तर बाई शुद्ध.

"माणूस खोटं बोलते," बाबा गर्दीला सांगत होते. "देव बी कधीकधी गप्प बसते. मशीनले पोट नाई, जात नाई, नातं नाई. तिले पेट्रोल पायजे आन सत्य पायजे, बस."

पेट्रोल धनराजने दिलं होतं, सत्यही त्यानेच पुरवलं होतं, पण ते अजून कोणाला ठाऊक नव्हतं.

प्रत्येक ओंडक्यानंतर बाबा पिवळ्या कापडाआड पान्याने नट ढिले करत, चेन काढून पातेल्यात धूत, मंत्र पुटपुटत आणि परत चढवत. मग म्हातारा मुखरू पुढे येऊन चेनच्या दातांवर अंगठा फिरवी. जन्मभर विळ्याची आणि कुऱ्हाडीची धार त्याने अशीच पाहिली होती. प्रत्येक वेळी त्याच्या अंगठ्यावर रक्ताचा बारीक थेंब येई आणि तो ओरडे, "धार हाय!" सात ओंडके पटापट पडले. सात बायका रडत घरी गेल्या.

आठवी होती गुणाबाई. तिने ओंडक्यावरून हात उचलला, मुखरूने अंगठा फिरवला, रक्त आलं, धार होती. मशीन किंचाळली. धूर निघाला, साल काळी पडली, पण लाकडात बोटभरही चीर गेली नाही. बाबांनी जोर लावला, घाम गाळला, शेवटी मशीन बंद करून मान हलवली.

"लाकूड बांधलं हाय हिनं," ते म्हणाले.

गर्दीच्या मागच्या बाजूला मन्सूर उभा होता. कुरखेड्याच्या बसस्टँडजवळ त्याचं मशीन दुरुस्तीचं दुकान. एका गिऱ्हाइकाचा पंप पोचवायला तो आला होता आणि गर्दी पाहून थांबला होता. धूर पाहताच त्याने ओळखलं. ती चेन त्यानेच घासली होती.

दहा दिवसांपूर्वी एक अनोळखी माणूस दोन चेन घेऊन दुकानात आला होता. मन्सूरने नेहमीसारखं विचारलं, लाकूड कोणतं कापायचं? वाळलेल्या ऐनासारख्या टणक लाकडाला दात जरा बोथट कोनात घासावा लागतो, नाहीतर चार ओंडक्यांत धार जाते. सावरीसारख्या मऊ लाकडाला तिरका कोन चालतो, आणि प्रत्येक दातापुढे जो लोखंडाचा उंचवटा असतो तो थोडा जास्त उतरवतात, म्हणजे दात खोल शिरतो. माणूस म्हणाला, सावर. मन्सूरने एक चेन तशी केली. दुसरीबद्दल मात्र तो माणूस म्हणाला, दात खूप मागपर्यंत घासा, वस्तऱ्यासारखे करा, उंचवट्याला मात्र हात लावू नका.

"ही लाकडाले चाटन, खाणार नाई," मन्सूर म्हणाला होता.

"चाटलीच पायजे," तो माणूस हसून म्हणाला होता.

मन्सूरने पुढे काही विचारलं नव्हतं. गिऱ्हाइकं विक्षिप्त असतात, त्यात काय.

आता विक्षिप्तपणा कशासाठी होता ते समोर दिसत होतं. तरी तो बोलला नाही. दोनशे माणसं, सगळी तापलेली, आणि त्यांच्यात तो एकटा परगावचा आणि वेगळ्या धर्माचा. त्याला भीती वाटली, आणि ती खोटी नव्हती. बोलायचं ठरवायला त्याला पाच मिनिटं लागली. पाच मिनिटांत गाव बरंच काही करू शकतं. सुगंधाबाईच्या मुलीचं बाळंतपण गुणाबाईने दोन रात्री जागून केलं होतं, त्याच सुगंधाबाईने कात्री आणली. दोघींनी हात धरले, एकीने मान दाबली. गुणाबाईची वेणी मुळापासून कापली गेली. कात्री बोथट होती, त्यामुळे केस कापले कमी आणि उपटले जास्त. पोरं टाळ्या वाजवत होती. धनराज सांगत होता, हिला आजच्या आज गावाबाहेर काढा. तिच्या वाडीतली अकरा सागाची झाडं त्याच्या बांधाला लागून होती.

बाबा चेन सोडवायला कापडाआड निघाले, तेव्हा मन्सूर पुढे झाला.

"बाबा, चेन धुवू नका," तो म्हणाला. "आता जे चढली हाय त्याच चेनीनं आणखी एक लाकूड कापा. धनराजभाऊच्या हातचं. त्यायनं एवढं पुण्य केलं, त्यायचं लाकूड तं लोण्यासारखं कापन."

बाबा म्हणाले, मशीन थकली आहे, चेन विटाळली आहे. पण गर्दीला तमाशाची चटक लागली होती, तिला नववा ओंडका हवा होता. मुखरूनेच धनराजचा हात धरून कापलेल्या तुकड्यांतल्या एका तुकड्यावर ठेवला. धनराजने बाबांकडे पाहिलं. बाबांनी आभाळाकडे पाहिलं. मग त्यांना मशीन सुरू करावीच लागली.

धूर निघाला. साल काळी पडली. ज्या सावरीचा पहिला ओंडका भोपळ्यासारखा कापला गेला होता, तीच सावर आता कापली जाईना.

मग कोणीतरी म्हणालं, धनराजच्या गोठ्यात एकही वासरू मेलं नाही, काऊन? दोघे तरुण पुढे सरकले. सुगंधाबाईच्या हातात कात्री अजून होतीच, तिने ती उघडली. गावाला न्याय समान होता, एवढं मान्य करावं लागेल.

"पातेल्यात दुसरी चेन हाय!" धनराज किंचाळला. "मी नाई काही केलं. त्या पातेल्यात पाहा!"

मुखरूने पातेलं लाथेने उलटं केलं. हळदीच्या तेलात माखलेली दुसरी चेन धुळीत पडली.

मन्सूरने दोन्ही चेन शेजारी ठेवून दाखवल्या. दात मागे घासत नेला की तो ठेंगणा होतो. पुढचा उंचवटा तसाच राहिला तर दाताहून उंच ठरतो, आणि लाकडाला आधी तोच टेकतो. मग दात कितीही धारदार असो, लाकडापर्यंत पोचतच नाही. अंगठा मऊ असतो, तो दात आणि उंचवट्यामधल्या फटीत शिरतो आणि कापतो. लाकूड शिरत नाही. मुखरू आपल्या रक्ताळलेल्या अंगठ्याकडे पाहत राहिला.

आता गर्दी बाबांवर धावली. ज्या हातांनी वेणी धरली होती तेच हात बाबांची दाढी उपटू लागले. मन्सूरने आणि दोघा-तिघांनी त्यांना कसंबसं शाळेच्या खोलीत कोंडलं आणि पोलिसांना फोन केला. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे. बाबांना आणि धनराजला गाडीत घालून नेलं.

गुणाबाई जमिनीवर बसून आपले केस गोळा करत होती. मन्सूर तिच्याजवळ गेला. चेन आपणच घासली होती हे त्याने सांगितलं. तिने वर पाहिलं.

"घासताना तुले इचारावं वाटलं नाई, भाऊ?"

मग ती गर्दीकडे वळली. "माह्या लाकडाचे दोन तुकडे झाले असते तं मी चांगली? आन नाई झाले तं वाईट? पंचवीस वर्सं पाहून राह्यले ना मले. तुमचे डोळे कुठी होते?"

सुगंधाबाईने कात्री पदराआड लपवली.

पुढच्या आठवड्यात डोक्यावर पदर घट्ट बांधून ती मन्सूरच्या दुकानात आली. पोलिसांनी ती खोटी चेन जप्त केली होती. तशीच एक मला करून दे, ती म्हणाली. मन्सूरने गोल कानस घेतली, दात मागपर्यंत घासले, उंचवट्याला हात लावला नाही, आणि घासता घासता तिला सगळं समजावलं. मागच्या वेळी त्याने विचारलं नव्हतं, या वेळी तिने बरंच विचारलं.

गावाने आता वासरांना लस टोचून घेतली आहे. पुढच्या वेळी कोणी चमत्कार दाखवला, तर वाचकहो, पातेलं उलटं करून पाहा, आणि ते कोणाची वेणी कापली जाण्याआधी करा. नंतर करून शहाणपण येतं, केस येत नाहीत.

गुणाबाईची चेन तिच्या दाराच्या चौकटीला टांगलेली आहे, खाली सावरीचा एक ओंडका. माफी मागायला येणाऱ्याला ती आधी दातांवरून अंगठा फिरवायला लावते. रक्त आलं की विचारते, धार हाय ना? मग चेन त्याच्या हातात देते आणि म्हणते, घास आता लाकडावर. सुगंधाबाई परवा येऊन गेली, अर्धा तास घासत होती.