तेहतीस अनारसे आणि टेकडीची वाट

पंच्याऐंशी सालचा अधिक श्रावण संपायला जेमतेम अर्धा दिवस उरला होता, आणि काशीनाथ गुरुजींच्या पत्नी कावेरीबाई अनारशांचा डबा मांडीवर घेऊन एसटीच्या थांब्यावर बसल्या होत्या. एसटी काही येणार नव्हती. फरशी पुलावरून कमरेएवढं पाणी चाललंय आणि गाडी जिंतूरलाच थांबवलीय, असं आत्ताच एकजण सांगून गेला होता.

लेकीच्या, हेमाच्या, लग्नानंतरचा हा पहिला धोंड्याचा महिना. तो तीन वर्षांतून एकदा येतो आणि त्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं. जावई सूर्यभान इकडे जेवायला यायचा होता, पण आधी खुरपणी निघाली, मग पाऊस लागला. तेव्हा वाण तिकडेच न्यायचं ठरलं. तेही अख्खं. यामागे एक दुखणं होतं. दिवाळीला कावेरीबाईंनी एसटीनं फराळ धाडला, तो पोचेपर्यंत अनारशांचा पार भुगा झाला. हेमाच्या सासूबाई चांगुणाबाई चारचौघींत म्हणाल्या, "इहीनबाईनं अनारसे धाडले का रवा?" ते वाक्य हेमानं तेव्हापासून सारखं ऐकलं. आल्यागेल्यासमोर, पाण्याच्या खेपेला, जात्यावर. म्हणून यंदा कावेरीबाईंनी सरकी काढलेल्या कापसाचे थर लावून, तान्ह्या बाळाला निजवावं तसा एकेक अनारसा डब्यात ठेवला होता.

उशीर झाला तो गुरुजींमुळे. झेंडावंदन, पोरांचं लेझीम, यात त्यांना महिनाभर दुसरं काही सुचलं नाही. "पंधरा ऑगस्ट होऊ दे, सोळाला अमावस्या हाय, तवर महिना चालू असतो," असं म्हणून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं होतं. सगळ्या गावाला वाचायला शिकवणाऱ्या या माणसानं चौकटीतलं बारीक अक्षर तेवढं वाचलं नाही. ते आज सकाळी कावेरीबाईंनी वाचलं, आणि आता थांब्यावर शेजारी बसलेल्या गुरुजींना त्या तेच पुन्हा ऐकवत होत्या.

"अहो, अमावस्या दुपारी साडेतीनलाच संपायलीय की! त्याच्यानंतर कसलं वाण अन् कसलं काय?"

"चांगुणाबाई कशाला बघायल्यात एवढं बारीक?"

"त्या बारीकच बघतात!"

गुरुजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. मग घरी जाऊन आपली सायकल घेऊन आले आणि तिच्याकडे पाहत म्हणाले, "टेकडीवरून जाऊ. अडीच कोस पडंल. तुला ती वाट ठाव हाय का?"

कावेरीबाईंनी डब्याचं झाकण उगीच दाबून पाहिलं. "मला कशी ठाव असंल?" त्या म्हणाल्या.

ती थाप होती, आणि तीही सहा वर्षांची. गुरुजी दर बाजारच्या दिवशी एसटीनं जिंतूरला जायचे आणि सायकल घरी राहायची. एका बाजारी कावेरीबाईंनी ती पुसायला म्हणून ओसरीबाहेर काढली आणि पुसता पुसता गावामागच्या वाटेला लावली. आधी दांडीखालून पाय घालून कैची, मग दांडीवरून. नऊवारीचा काष्टा असल्यावर दांडी आडवी येत नाही, हे त्यांचं त्यांनाच कळलं. गावात चालवली तर लोक हसतील, म्हणून त्या टेकडीवर जायच्या. पान्यानं सीट दोन बोटं खाली करायची, रान हिंडायचं, आणि घरी आल्यावर सीट पुन्हा वर. या सायकलला गुरुजी कुणाला हात लावू देत नसत. शाळेतल्या शिपायानं एकदा नुसती घंटी वाजवली, तर त्याला अर्धा तास ऐकावं लागलं होतं. त्यामुळे सांगायची सोय नव्हती. शिवाय खरं सांगायचं तर, ती वाट आपली एकटीची आहे याचंच त्यांना अप्रूप होतं.

चढाला गुरुजींनी सायकल ढकलली आणि कावेरीबाई डबा उराशी धरून मागं चालल्या. पाऊस उघडला होता. दोन्ही अंगांना साग पांढऱ्या मोहरानं डवरला होता, पळसाची पानं धुऊन पुसून ठेवल्यागत चकचकत होती. जिथं वाट दुभंगली तिथं गुरुजी थांबले, बायकोकडे पाहिलं, घसा खाकरला. कावेरीबाई पळसाकडे पाहू लागल्या. गुरुजी उजवीकडे वळले. ती बाजू लांबची होती. कावेरीबाईंनी ओठांवर आलेलं गिळलं आणि मुकाट्यानं मागं गेल्या.

वर पठारावर आल्यावर खाली येलदरीच्या धरणाचं पाणी लांबवर पसरलेलं दिसलं. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. अडीच वाजले होते. "बस मागं," ते म्हणाले.

आज ते पॅडल मारत होते तेच अवघडून. गुडघे हँडलला लागत होते. वयानं होत असेल, असं कावेरीबाईंना वाटलं. त्यांचं खरं लक्ष पुढच्या वळणावर होतं. धावड्याच्या झाडापलीकडे एक काळा, गुळगुळीत खडक होता. पावसाळाभर त्याच्यावरून पाणी झिरपायचं. पहिल्या वर्षी त्या स्वतः तिथं दोनदा आपटल्या होत्या. तिथं उतरून, डाव्या अंगानं, गवतातून जायचं असतं. 'डावीकडून घ्या' हे दोनच शब्द. पण ते म्हटले तर कसं ठाऊक, हे सांगावं लागणार. कावेरीबाई त्या दोन शब्दांशी झटत राहिल्या आणि खडक आला.

चाक सरकलं. कावेरीबाईंनी डब्यासकट उडी टाकली आणि गवतात बसकण मारली. गुरुजी मात्र सायकलीबरोबर गेले. डब्याला ओरखडासुद्धा आला नव्हता. गुरुजींचा घोटा बघता बघता सुजला.

"लागलं का हो फार?"

"तसं न्हाई. पण टेकवंना पाय." गुरुजींनी पुन्हा घड्याळ पाहिलं. पावणेतीन. "अजून दीड कोस हाय. तू चालत जा पुढं. मी येतो मागून लंगडत."

चिखलातून दीड कोस पाऊण तासात चालून होत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. कावेरीबाईंच्या डोळ्यांसमोर हेमा आली, दारात उभी राहून वाट पाहणारी. आता अजून एक वर्ष ही पोर कुणाकुणाचं ऐकून घेणार? आणि त्या सुजलेल्या घोट्याकडे पाहून तर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आपण तोंड उघडलं असतं तर हा माणूस पडला नसता. त्यांनी पदर खोचला.

"अहो, मला येते."

"काय येते?"

"सायकल. सहा वर्षं झाली. ही वाटबी ठाव हाय. काय बोलायचं ते उद्या बोला, आता मागं बसा अन् डबा धरा. कॅरेजला बांधला तर सगळ्याचा रवा व्हईल."

गुरुजींनी खाली मान घालून टोपी झटकली. डबा घेतला, एका अंगाला पाय टाकून कॅरेजवर बसले, दुखरा पाय लांब धरला. लय रागावले असतील, कावेरीबाईंना वाटलं. पण रागाकडे बघायला वेळ नव्हता. त्यांनी टांग टाकली. सीट उंच लागेल म्हणून अंग चोरलं होतं, तर ती बरोबर बेतात लागली. घाईत त्याचाही विचार झाला नाही.

आणि मग उतार आला. एरवी या उताराला त्या एकट्या असायच्या. आज मागं नवरा, नवऱ्याच्या मांडीवर तेहतीस अनारसे, आणि चाकाखाली त्यांची स्वतःची वाट. कुठं वेग सोडायचा, कुठं ब्रेक नुसता शिवायचा, कुठल्या बोरीची फांदी तोंडावर येते, सगळं त्यांना पाठ होतं. "वाका!" त्या ओरडायच्या आणि गुरुजी वाकायचे. "धरा घट्ट!" म्हटलं की डबा घट्ट व्हायचा. सागाची पानं खांद्याला घासत होती, ओढ्याचं पाणी दोन्हीकडे उडत होतं, पदर कधीच डोक्यावरून गेला होता. कावेरीबाईंना इतका आनंद झाला की त्यांना त्याची भीतीच वाटली. जन्मभर या माणसाच्या मागं बसून त्यांनी त्याची पाठ पाहिली होती. समोरून जग असं अंगावर येतं, हे त्याला दाखवावं असं त्यांना वाटलं, पण तोही नेमका पाठीमागं होता.

गावात शिरल्यावर त्या उतरल्या नाहीत. उतरल्या असत्या तर साडेतीन झाले असते. ओट्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. पारावर एकानं विडी खाली टाकली. चांगुणाबाई दारातच उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागं हेमा, तोंडात पदर धरून.

"अगं बया! आई!"

"आधी पाट मांड," कावेरीबाई धापा टाकत म्हणाल्या. "किती वाजले?"

"तीन वीस," कॅरेजवरून गुरुजी म्हणाले.

सूर्यभानला पाटावर बसवलं, ओवाळलं. डबा चांगुणाबाईंनीच उघडला. एकेक थर काढत, एकेक अनारसा उजेडात धरून, दोन्ही बाजूंनी निरखत त्यांनी मोजले. एकतीस. बत्तीस. तेहतीस. एकाचीही कड उडाली नव्हती. चांगुणाबाईंनी शेवटचा अनारसा ताटात ठेवला. मग हेमाकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या मायच्या हाताला चव हाय हे ठाव होतं. पायात एवढं बळ हाय हे न्हवतं ठाव." आणि हेमा आधी हसली आणि मग रडली.

दुसऱ्या दिवशी निघताना घोटा उतरला नव्हता. सूर्यभान सायकल पुसून पाना घेऊन आला. "मामा, सीट लय खाली गेलीय बघा. वर करून देऊ का?"

"राहू द्या," गुरुजी म्हणाले. "काल निघताना मीच केलीय खाली."

कावेरीबाईंनी चहाची कपबशी खाली ठेवली.

"तुमाला ठाव होतं?"

"दर बाजारी सीट दोन बोटं खाली जाते अन् सांजच्याला जरा वाकडी वर येते. शाळेत निम्मी पोरं टेकडीवर गुरं चारायला जातात. मला का डोळे न्हाईत? टेकडीचं नाव मी उगंच काढलं व्हय?"

"मग वाटंवर तोंडानं सांगायला काय झालं होतं? पाय वाचला असता!"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होतो." गुरुजींनी जमिनीकडे पाहिलं. "तू सांगितलं असतंस तर मला बरं वाटलं असतं."

कावेरीबाईंना हसू आलं आणि डोळ्यांतही पाणी आलं. त्यांनी सूर्यभानच्या हातून पाना घेतला आणि सीटखालचा नट आणखी दोन आटे घट्ट आवळला.

"बसा मागं," त्या म्हणाल्या. "ह्या खेपेला डावीकडून जाऊ."