आठ दिवसांची जिवाणी

माझी थोरली बहीण ब्राह्मीआक्का हिच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. बत्तीस वर्षं तिनं शाळेत गणित शिकवलं, लग्न केलं नाही आणि आवाज कधी चढवला नाही. आवाज चढतो तो समोरच्याचा. या वेळी माझा चढला.

कारण विहीर. निपाणीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी आजोबांनी पाडलेली विहीर आहे, जागा माझ्या आणि आक्काच्या नावावर. पूर्वी सहा घरं तिचं पाणी प्यायची, आता तीच सहा घरं तिच्यात कचरा टाकतात. हार, फाटक्या उशा, एकदा तर चक्क जुना टीव्ही. वास येतो, डास होतात. गल्लीनं ठरवलं, बुजवून टाकू. मी तर एका पायावर तयार, कारण मला तिथं गोदाम बांधायचं होतं. माझं लग्नकार्याच्या मालाचं दुकान आहे. प्लॅस्टिकच्या ताटल्या, वाट्या, कप, ग्लास, सगळं वापरा आणि टाका. सीझनला अर्धं घर खोक्यांनी भरतं. बायको दिव्या म्हणते, पाहुणे आले की त्यांना खोक्यावर बसवायचं आणि खोक्यातच झोपवायचं.

शेजारच्या नागेंद्रनं संमतीचा कागद केला, रविवारी राडारोडा घेऊन यायला टिपर सांगितला. सगळ्यांच्या सह्या झाल्या. राहिली फक्त आक्काची.

"करते की सही," आक्का म्हणाली. "पर जिवाणी कुठं सोडू, त्ये सांग."

झालं! आम्हा जैनांच्या घरी पाणी दुहेरी फडक्यानं गाळून पितात. फडक्यात अडकलेले बारीक जीव मरू नयेत म्हणून ते फडकं गाळलेल्याच पाण्यानं एका भांड्यात धुवायचं, आणि ते पाणी, म्हणजे जिवाणी, जिथून आणलं तिथं परत सोडायचं. बऱ्याच घरांतून हे आता बंद पडलंय. आक्काच्या घरी नाही. विहिरीचं पाणी नासल्यावर तिनं नळाचं घेतलं, पण जिवाणी सोडायला विहिरीवरच जायची. हातात बांबू. त्यानं कचरा बाजूला सारायचा, मग बुडाला कडी असलेला छोटा तांब्या दोरीनं खाली सोडायचा, पाण्याला टेकला की हलकेच उलटा करायचा. शेजारच्या खिडक्यांतून पोरीबाळी हसायच्या.

"आक्का, नळाच्या पाण्यात औषध असतंय. त्यात जीव राहतोय व्हय?"

"मेलेला बघितलास काय तू?"

"अगं, दिसतच न्हाय तर बघू कसा?"

"मग मेला म्हणून कसं सांगतोस?"

मी कपाळाला हात लावला. ती शांतपणे पुढं म्हणाली, "नळाचं पाणी नदीचं. नदी लांब म्हणून विहीर चालवून घेतली मी. ती बुजवायची तर जिवाणी नदीला गेली पायजे. तू आठ दिवस नेऊन दाखव. मला पटलं की हे जमतंय, तर रविवारी सही."

नदी सहा किलोमीटर. पण गोदाम म्हणजे गोदाम. मी हो म्हटलं.

पहिल्या दिवशी स्कूटरच्या हुकाला तांब्या अडकवून गेलो. हायवेला निम्मं पाणी पँटवर सांडलं. पुलावरून उरलेलं ओतून आलो. आक्कानं विचारलं, "वरून वतलंस?" मी व्हय म्हणालो. "एवढ्या उंचावरनं तुला टाकलं तर?" म्हणजे दुसऱ्या दिवसापासून खाली उतरणं आलं. काठावर चिखल, बाभळीचे काटे, आणि इस्त्रीच्या कपड्यांत मी, तांब्याला दोरी बांधून. ओळखीचा एक व्यापारी वरून माझं नाव घेऊन ओरडला, "काय अभिनंदन, मासं धरतोयस काय?" जैनाला हे विचारतात लोक! माझं डोकं असं तडकलं की दिवसभर गिऱ्हाइकांशी धड बोललो नाही.

चौथ्या दिवशी ठरवलं, बास झालं. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या गटारीपाशी गाडी थांबवली. कोण बघतंय? तांब्या तिरका केला आणि हात तिथंच अडला. लहानपणी आईनं फडकं धुताना शिकवलेलं हातातून जात नाही, बुद्धीतून गेलं तरी. स्वतःला शिव्या घालत नदीला गेलो.

पाचव्या दिवशी नदीकाठी तांब्या सोडायला गेलो तर पाणीच दिसेना. वरच्या अंगाच्या गावातनं कुणीतरी लग्नाचा सगळा कचरा लोटून दिला होता आणि तो आमच्या काठाला येऊन साचला होता. मी चडफडत काठीनं बाजूला सारू लागलो. काय माणसं आहेत! शरम नाही, काही नाही. मग एक ताटली उलटी झाली. सोनेरी काठ, मधे मोर. असला माल या भागात माझ्याशिवाय कुणी ठेवत नाही. मागच्याच आठवड्यात टेम्पो भरून मी पोचवला होता, वर "पुढच्या कार्यालाही आठवण ठेवा" म्हणून हात जोडले होते.

मी वरच्या दिशेला पन्नास पावलं गेलो, जरा मोकळं पाणी बघून जिवाणी सोडली आणि घरी आलो. दुकानात मोराची खोकी समोरच होती. ती आत ढकलली, तर दुसरी पुढं आली.

सहाव्या दिवशी शंभर पावलं जावं लागलं. सातव्या दिवशी पार उसाच्या बांधापर्यंत.

रविवारी सकाळी साडेआठला टिपर गल्लीत शिरला. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय, नागेंद्र ओरडतोय, "बिगीबिगी सही आण रं, गाडी खोळंबलीय!" मी नुकताच नदीवरून आलो होतो. आक्का ओट्यावर चष्मा लावून बसली होती, मांडीवर कागद, हातात पेन.

"आठ दिवस नेलंस," ती म्हणाली. "मला वाटलं न्हवतं. शब्द म्हंजे शब्द. कुठं करायची सही?"

मी बोट दाखवायला हवं होतं. एवढंच काम होतं. गोदाम झालं असतं, गल्ली खूश झाली असती, आणि तिनं पुन्हा विचारलंही नसतं, कारण ती माझ्यावर विश्वास ठेवते. हा तिनं मांडलेला माझा सगळ्यात मोठा छळ आहे.

"सही नको करूस," मी म्हणालो.

"का रं?"

मी मागे लपवलेला तांब्या पुढं केला. भरलेलाच. "आज सोडली न्हाय. अर्धा तास फिरलो, आक्का. टेकवायला जागाच मिळंना. सगळा माझाच माल हाय तिथं."

तिनं मला रागवावं, निदान "मी म्हणत होते" असं तरी म्हणावं, म्हणून मी वाट बघितली. तिनं पेनाचं टोपण लावलं, तांब्या माझ्या हातातून घेतला आणि विहिरीतला कचरा सारायचा तिचा बांबू माझ्या हातात दिला. टिपरचा हॉर्न, नागेंद्रचा आरडाओरडा, गल्लीची बडबड, हे सगळं आता मलाच निस्तरायचं होतं. मी टिपरवाल्याला गाडी मागं घे म्हणून सांगायला निघालो. लोक विचारतील, तुझं डोकं फिरलंय काय, आणि त्यांच्यावर चिडायला या खेपेला माझ्याकडं तोंड नव्हतं.