आपोआप मिटणारं स्टँड

बाबा गेले, तेव्हापासून त्यांची लाल इटालियन मोटरसायकल कोणाची, यावरून बहीणभावात धुसफूस चालली होती. जुन्या धाटणीची, गोल दिव्याची, पुढे वाकून चालवायची ती वेगवान गाडी न्यायला आज भाऊ आलाच.

"ताई, बाजूला हो. तुला झेपणार आहे का ही?"

"ने की. आधी फाटकापर्यंत तर ने!"

किल्ली बोटावर फिरवत तो ऐटीत बसला आणि त्याने गाडी सरळ केली. तिचं स्टँड स्प्रिंगचं होतं, भार उठला की आपोआप मिटणारं. फाटक बंद दिसताच ते उघडायला तो तिथेच गाडी डावीकडे कलती करून उतरला. खाली आधारच नव्हता. गाडी कोसळणार तोच ताईने टाकीला मांडी लावून ती सावरली. ताई मघापासून गाडीच्या डाव्या बाजूलाच का उभी होती, ते त्याला आता कळलं.

"सांगायला तोंड नव्हतं तुला?" तो खेकसला.

"बाबांनी सांगितलं होतं. तू फोनमध्ये डोकं खुपसून बसला होतास. किल्ली दे, आणि जाताना फाटक लावून जा."

त्याने किल्ली तिच्या पायाशी फेकली. फाटक मात्र सताड उघडं टाकून गेला.