मातीतून आलेलं तांबं

मित्रांनो, मी गिरगावातल्या एका वाडीची जुनी विहीर आहे. शहरात प्लेग शिरला त्या वर्षी माझ्याच पाण्याने एका सुनेचा जीव टांगणीला लागला होता.

माझ्यापासून जरा वरच्या अंगाला धोंडू तांबट राही. हंडे-कळश्या तेजाबात, म्हणजे जहाल आम्लात, उजळायच्या आणि उरलेलं हिरवं पाणी खड्ड्यात ओतायचं, हा त्याचा रोजचा शिरस्ता. माझ्या काठावर त्याने कधी थेंब सांडला नाही. "जमिनीत मुरलं की शुद्ध झालं," तो म्हणे. बरीच वर्षं ते खरंही होतं. मातीतल्या शिंपल्यांचा चुना तेजाबाचा जोर मोडी आणि तांबं जागच्या जागी अडकून राही. पण शिंपले विरघळून संपले, आणि माझ्या झऱ्यांतून तुरट, आंबूस पाणी येऊ लागलं. मला कळत होतं, पण सांगणार कशी?

वाडीत सगळ्यांनी नळाचं पाणी घेतलं होतं. धोंडूची बायको रखमा मात्र, नळात चामड्याची चकती असते, ते पाणी बाटलं म्हणून घरात येऊ देत नसे; तिच्या घरी माझंच पाणी जाई. तिची सून तुळसा ओकाऱ्यांनी अंथरुणाला खिळली. रखमाच्याही पोटात ढवळे, पण भीतीने ती ते दडवी.

शेजारचे गंगाधरपंत दारातूनच म्हणाले, "धोंडू, दिवेलागणीपर्यंत उतार पडला नाही तर मला प्लेगच्या साहेबांना कळवावं लागेल." कळवलं की शिपाई येऊन आजाऱ्याला प्लेगच्या इस्पितळात उचलून नेत. नेलेलं माणूस परत आलेलं वाडीने पाहिलं नव्हतं.

"पाणी पाज तिला, भरपूर पाज," धोंडू म्हणाला. रखमा पोहरा सोडी, भरून नेई. बाई, नको गं, असं मी मनात आक्रंदत होते. दर तांब्यागणिक तुळसा अधिकच ओके. मला माझीच किळस आली.

ऊन कललं तेव्हा पोहरा धोंडूने ओढला. त्याची लोखंडी कडी लालसर झाली होती. धोंडूने ती नखाने खरवडली; गंज नव्हता, तांब्याचा पातळ थर होता. जन्म तांब्यात गेलेला माणूस तो. त्याने खड्ड्याकडे पाहिलं आणि भरलेला पोहरा उपडा केला.

"रखमा, हे पाणी देऊ नकोस तिला. माझंच तांबं उतरलंय यात."

"मग काय देऊ?"

"नळाचं."

रखमाने कळशी उचलली आणि अख्ख्या वाडीदेखत नळाखाली धरली. आधी स्वतः घोटभर प्याली, मग तुळसाला पाजलं. दिवे लागले तेव्हा तुळसा शांत झोपली होती. पंत आत डोकावले आणि कळवायला न जाता घरी गेले.

धोंडूने खड्डा बुजवला, माझ्यावर फळ्या ठोकल्या. तरी मुरलेलं तांबं अजून पाझरतंच आहे. मित्रांनो, जमिनीत काही ओतण्याआधी खालच्या झऱ्याची आठवण ठेवा.

तुळसाला पुढे मुलगा झाला; तो कधीकधी फळ्यांच्या फटीतून वाकून बघतो. "तिथलं पाणी पिऊ नको रे बाळा," ती म्हणते. मला फार वाईट वाटतं, पण तिने ते रोज सांगावं.