फॅक्स मशीनची पोचपावती

मित्रांनो, मला पाहून हल्ली लोक विचारतात, “ही अजून चालते?” चालते हो, न चालून सांगते कुणाला! कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या सरकारी दवाखान्यातली मी जुनी फॅक्स मशीन. नवीन होते तेव्हा कोण कौतुक माझं! डॉक्टरांची चिठ्ठी तीन तासांवरच्या मोठ्या रुग्णालयात मी मिनिटभरात पोचवायचे. आता कागद अडकतो आणि आमची कारकून व्हर्ना मला थपडा मारते. दमले मी.

मे महिन्यात एफीमावशी आली. अख्खा जन्म मासळीच्या कारखान्यात गेला तिचा. शौचातून रक्त जात होतं. डॉक्टरांनी आतड्याच्या तपासणीसाठी चिठ्ठी लिहिली, वर ‘तातडीने’ असं खरडलं. व्हर्नाने ती माझ्यात घातली. मी ‘पोचली’ अशी पावती दिली आणि तिने ती फायलीला टाचली.

ऑगस्टमध्ये मावशी रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आली.

“बोलावलं का गं तिकडून?” व्हर्नाने विचारलं.

“बोलावतील बाळा. माझ्याहून आजारी माणसं असतील रांगेत. उगाच फोन करून कशाला डोकं खायचं त्यांचं?”

“किती बारीक झालीयस, मावशी!”

“बरंच झालं की, लग्नातला झगा बसेल आता!”

दोघी हसल्या. पावती होती ना, म्हणून व्हर्नाही निर्धास्त.

नोव्हेंबरमध्ये मावशीला खुर्चीवरून उठवेना. तेव्हा व्हर्नाने रुग्णालयात फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, “अशी चिठ्ठी आलीच नाही.” त्यांचा विभाग वरच्या मजल्यावर गेला होता, नंबर बदलला होता आणि आम्हाला कुणी कळवलंच नव्हतं. जुन्या नंबरावरची मशीन कुलूपबंद खोलीत एकटीच कागद काढत बसली होती. तपासणी झाली तोवर कर्करोग यकृतात पसरला होता.

व्हर्ना ढसाढसा रडली. मावशीनेच तिची समजूत काढली, “अगं, मीच विचारायला हवं होतं.” याचा मला अजून संताप येतो. तिने का विचारायचं? तिने दुखणं वेळेवर सांगितलं होतं. फेब्रुवारीत ती गेली.

आता व्हर्ना दर शुक्रवारी एकेका चिठ्ठीसाठी फोन करते. परवा अकरांपैकी दोन मिळालेल्याच नव्हत्या. पावत्या मात्र मी अकराही दिल्या होत्या.

मित्रांनो, कागद गेला एवढंच मला कळतं. तो कुणी वाचला का, हे माणसानेच माणसाला विचारायचं असतं. तुमच्या घरातल्या कुणाची चिठ्ठी अशी गेली असेल, तर आजच फोन करा. समोरच्याला राग आला तर येऊ दे.