आमच्या पाळीची वॅगन

माझी बायको पुष्पा गेली त्याला आता चार महिने होतील. लोक भेटायला येतात, ती किती चांगली होती ते सांगतात. मी ऐकून घेतो. पण मला सारखे आठवते ते सत्याऐंशी सालच्या जूनमधले तिचे एक काम. त्याच्यावरून मी तिच्याशी सहा दिवस बोललो नव्हतो.

भावांपासून वेगळा निघाल्यावर रावेरजवळच्या माझ्या वाट्याच्या एकरभर रानात मी पहिल्यांदा स्वतःची केळी लावली होती. भाऊ म्हणायचे, याला जमायचे नाही. घड भरले, कापणी पंधरा दिवसांवर आली, आणि एका दुपारी सातपुड्याकडून वादळ आले. अर्ध्या तासात गावच्या बागा आडव्या झाल्या.

पडलेला घड चार-पाच दिवस हिरवा राहतो. पिवळा पडला की दिल्लीला जात नाही. बाहेरचे व्यापारी लगेच ट्रक घेऊन आले आणि मातीमोल भाव बोलू लागले. तेव्हा आमच्या फळविक्री सोसायटीने ठरवले, कोणी वेगळे विकायचे नाही. सगळ्यांचा माल सोसायटीच्या नावाने रेल्वेने जाईल. पण वॅगन रोज एकच मिळणार होती. म्हणून मारुतीच्या पारावर चिठ्ठ्या टाकल्या. सेक्रेटरी रुपचंदनानांनी त्या वाचल्या. माझी पाळी दुसरी निघाली. भिकुबाईची सहावी, शेवटची.

भिकुबाई आमची बांधशेजारीण. एकटी विधवा बाई. पाटाच्या पाण्यावरून तिचे आणि पुष्पाचे तीन वर्षे वाजलेले होते.  चिठ्ठी ऐकून ती तोंडाला पदर लावून उठली.

तेव्हा बायकांमधून पुष्पा बोलली, "नाना, आमची पाळी भिकुअक्काले द्या. त्यायची आमाले द्या."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. चारचौघांत काय बोलणार? मी मान हलवली.

घरी आल्यावर म्हणालो, "तुले काही समजते का? पहिली बाग हाये माही!"

"मले मालूम नही का?"

"मंग काहून दिली? तिचा इतका पुळका कधीपासून आला?"

"पुळका कसचा? आपली गेली अन् तिची सडली, तर ती बांधावरून रोज मले बोलीन. अन् मले उत्तर देता येनार नही. तुमचं ठीक हाये, तुम्ही त्या बांधाले जातच नही."

त्यानंतर मी बोलणे बंद केले. ती मात्र रोज पडलेल्या घडांवर केळीची पाने झाकायची, पाणी शिंपडायची.

सहाव्या दिवशी पहाटे आम्ही रानात पोहोचलो, तर भिकुबाई विळा घेऊन आधीच कापत होती.

"लीलाधर, तुह्या बाईले सांग, पिवळे घड हिरव्यात टाकू नको."

"अहो, अक्काले सांगा, मले बी डोये हायेत."

दोघींमध्ये चार हात अंतर होते. दुपारपर्यंत मला मध्ये घालूनच त्यांचे असे चालले होते.

स्टेशनवर माल लावला तर वॅगन अर्धीच भरली. बाकीचा माल पिकला होता. नाना म्हणाले, "अर्धी वॅगन पाठवता येत नही, लीलाधर." म्हणजे हिरवे होते तेही गेले. मी फलाटावर मटकन बसलो.

भिकुबाई रिकाम्या ट्रॅक्टरवर चढली आणि गावात गेली. प्रत्येकाच्या बागेत कडेला शंभर-सव्वाशे झाडे उभी राहिली होती. महिनाभर थांबून चांगला भाव घ्यायचा म्हणून लोकांनी ती ठेवली होती. भिकुबाई दारोदार ते घड मागत फिरली.

गावातला एक बागवाला, झुलाल, म्हणाला, "अक्का, माहे घड अजून कवळे हायेत."

"तू बी कवळाच होता, तरी लगन झालंच ना तुहं? काप."

दिवस बुडायच्या आत वॅगन भरली. भिकुबाई मला म्हणाली, "तुह्या बाईले सांग, फिटलं." आणि निघून गेली.

घरी येताना मी पुष्पाशी बोललो. "अन् वॅगन भरली नसती तर?"

"तर तुम्ही मले जन्मभर ऐकवलं असतं."

भरली, तरी मी ऐकवलेच. वारा सुटला की म्हणायचो, माझी दुसरी पाळी होती, हिने घालवली. पाहुण्यांसमोरही म्हणायचो. ती चहा गाळता गाळता म्हणायची, "सांगा, सांगा." तिने बरोबर केले हे मला त्या दिवशी फलाटावरच समजले होते. अकरा वर्षांत ते तिला एकदाही सांगितले नाही.

काल भिकुबाई येऊन बसली, तेव्हा तिला सांगितले. 

ती म्हणाली, "आपलं बरोबर होतं, हे तिले ठाऊक होतं रे भाऊ. तुले बी ठाऊक हाये, हे मले आज समजलं."