आजोबांच्या पोटरीत नसलेलं

परीक्षक महाराज, मेलेल्या माणसाच्या पायात नसलेला स्नायू तुम्ही जित्या पोरीच्या माथी मारलात आणि वर तिलाच आंधळी ठरवलंत. आता सगळं ऐका. तुम्ही तिथं होतात म्हणा, पण तुमचं लक्ष बिस्किटात होतं.

पोरीला वर्गात काडी म्हणायचे. शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत ती आधी एकदा आपटली होती. या खेपेला आपटली की डॉक्टरकी संपली आणि बिऱ्हाड परत घरी. तिथं थोरला भाऊ टपूनच बसलेला. आल्यागेल्याला सांगायचा, "आमची धाकटी मेलेल्यांचे पाय चिवडते. जिवंत सासूचे चेपले असते तर एव्हाना संसाराला लागली असती."

म्हणून काडीने वर्षभर पायच धरले. चिरफाडीच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याच्या प्रेताला सगळे आजोबा म्हणत. आजोबांचा उजवा पाय काडी आणि तिची जोडीदारीण ढमी यांच्या वाट्याला आला होता. ढमी सोलायची कमी, बोलायची जास्त. मांडीचे दांडगे स्नायू, गुडघ्यामागचा खळगा, त्यातून जाणारी रक्तवाहिनी, पोटरीचे दोन गलेलठ्ठ थर, सगळं जागच्या जागी सापडलं. सापडला नाही तो प्लँटॅरिस नावाचा स्नायू. गुडघ्यामागे बोटाएवढं मांस, आणि त्यातून निघून पोटरीच्या दोन थरांमधून टाचेच्या हाडाला चिकटणारी दोऱ्यासारखी कंडरा, एवढाच त्याचा जीव. कामाचा म्हणाल तर घरजावयासारखा, असला काय नि नसला काय. पुस्तकातही बारीक अक्षरांत लिहिलंय की काही माणसांना तो नसतोच. आजोबा त्यांतले.

"नाहीये गं," काडी म्हणाली.

"नसू दे," ढमी म्हणाली. "ती संवेदनेची नस आहे ना बाजूला, कातडीकडे जाणारी? ती चिमट्याने उचलायची आणि प्लँटॅरिस म्हणायचं. दिसायला बहिणी-बहिणी."

"आणि सरांनी वाकून बघितलं तर?"

"त्यांचं पोट बघितलंस? वाकता येतं का त्यांना?"

काडी हसली आणि विसरली. ढमीने मात्र ती वर्गभर सांगितली, आणि वर्गाने मनावर घेतली.

परीक्षेच्या दिवशी तुम्ही आजोबांच्या पायथ्याशी स्टूल टाकून बसलात. चहाच्या कपात बिस्कीट बुडत होतं. एकेक जण आला, नस उचलली, प्लँटॅरिस म्हणाला. तुम्ही "हं" म्हणालात, म्हणजे पास. ढमीने तर ती तारेसारखी छेडून दाखवली. तिलाही "हं".

मग काडी.

"प्लँटॅरिस दाखव."

चिमटा हातात, नस समोर. उचलली की सुटली. हात पुढे गेलासुद्धा. पण ती नस तिनेच मान मोडून चरबीतून मोकळी केली होती, तिचं नाव तिला ठाऊक होतं. शेजारणीचं पोर आपलं म्हणून मिरवायचं तरी कसं?

"यांना नाहीये, सर."

"नाहीये?" तुम्ही कप खाली ठेवलात. "तुझ्याआधी अख्ख्या वर्गाने दाखवला. ते सगळे लबाड, आणि तू तेवढी हरिश्चंद्र?"

ढमी दाराशी उभी होती. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. काडीला कळलं, खरं काय ते सांगितलं की आपण वाचलो. पण ढमीसकट सगळा वर्ग बुडाला. तिने तुमच्यापुढे चिमटा धरला.

"तुम्हीच दाखवा, सर. माझ्या डोक्यात पक्कं बसेल."

तुम्ही उठलात. ढमीचा अंदाज चुकला, थोडंसं वाकता येतं तुम्हाला. घसरता चष्मा एका हाताने सावरत दुसऱ्या हाताने तुम्ही उचललीत, तीच नस.

"हा काय प्लँटॅरिस. डोळे आहेत की बटणं? नापास. पुढचा या."

काडी जागची हलली नाही. तिने तुमच्या हातातून चिमटा घेतला आणि नस अलगद धरून पोटरीवरून खाली नेली. खाली ती सोलून उलटवलेल्या कातडीत शिरत होती, आणि टाचेचं हाड बाजूला कोरडंच राहिलं होतं.

"कंडरा टाचेच्या हाडाला चिकटते ना, सर? मग ही कातडीत कशाला शिरलीय?"

तुम्ही कपाकडे बघितलंत. बिस्कीट तळाशी गेलं होतं.

"वेळ खाऊ नकोस. पुढचा."

पुढचा येईना. दारात ढमी आडवी उभी राहिली होती.

"माझ्या नावापुढे काय लिहायचं ते लिहा," काडी म्हणाली. नस तिने चिमट्यात धरूनच ठेवली होती. "पण तुम्ही स्वतः वाकून, स्वतःच्या हाताने ही उचललीत. मी कुणाचं नाव घेत नाहीये. फक्त विचारतेय. ही काय आहे, सर? आजोबांसमोर सांगा."